फुटक्या हेल्मेटचा ताळेबंद

माणूस एकदा काही जमवायला लागला, की तो घरकामातून बाद झाला असं खुशाल समजावं. पोस्टाची तिकिटं जमवणारा त्यातल्या त्यात परवडतो. त्याचा सगळा पसारा दोन-चार वह्यांत मावतो आणि पावसाळा संपल्यावर त्या वह्यांना एकदा ऊन दाखवलं, की वर्षभर त्याचा कुणाला उपद्रव होत नाही. नाणी जमवणाऱ्याकडे नातेवाईक आदरानं बघतात. नाणं कितीही झिजलं तरी शेवटी ते नाणं असतं आणि वेळप्रसंगी कुणी सांगावं! अडकित्ते, दिवे, पानाचे डबे जमवणाऱ्यांची तर आपल्याकडे थोर परंपरा आहे. पुण्यात केळकरांनी अशाच वस्तूंचं अख्खं संग्रहालय उभं केलं. पण मोटारसायकलींच्या शर्यतींची स्मृतिचिन्हं जमवणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ असल्यामुळे मला पाहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

इथे एक खुलासा करायला हवा. दादा मोटारसायकली जमवत नाहीत. त्यांच्याकडे एकच गाडी आहे आणि ती ते बेतानं चालवतात. सिग्नल हिरवा झाल्यावरसुद्धा ते आधी उजवीकडे पाहतात, मग डावीकडे पाहतात, मग पुन्हा उजवीकडे पाहतात आणि तोवर सिग्नल लाल होतो. शर्यत संपल्यावर जे काही उरतं, ते दादा जमवतात. शर्यतींच्या कार्यक्रमपत्रिका, पोस्टरं, बिल्ले, गाडीच्या तोंडावर लावायच्या नंबराच्या पाट्या, वाकडी झालेली क्लचची लिव्हर, एक जळका स्पार्क प्लग आणि एकाच हाताचा हातमोजा. हल्लीचे स्वार वळणावर इतके कलतात, की त्यांचा गुडघा रस्त्याला टेकतो. तो सोलून निघू नये म्हणून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला प्लास्टिकचा ठोकळा लावलेला असतो. असा एक घासून अर्धा झालेला ठोकळा दादांच्या शोकेसमध्ये आहे. इतरांच्या शोकेसमध्ये ज्या जागी ताजमहाल असतो, त्या जागी.

“याच्यानं निदान कढई तरी घासता येते का हो?” वहिनींनी एकदा विचारलं होतं. दादांनी उत्तर दिलं नाही. एकदा कामाच्या बाईंनी तो जळका स्पार्क प्लग चिंच-मिठानं घासून लख्ख केला. त्या बिचारीला वाटलं, मालक खूश होतील. दादा त्या रात्री जेवले नाहीत. काजळी गेली म्हणजे सगळंच गेलं, असं त्यांचं म्हणणं.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वस्तू वापरली की तिची किंमत उतरते आणि त्या उतरण्याला घसारा म्हणतात, हे आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. दादांच्या खोलीत शिरताना हे शास्त्र चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावं लागतं. तिथे कोऱ्या हेल्मेटला कुणी विचारत नाही. ओरखडे पडलेले असले की भाव वाढतो. ओरखडा अमुक शर्यतीत, अमुक वळणावर पडला असं सांगता आलं की आणखी वाढतो. “आणि त्यातला माणूस जर त्या दिवशी...” इथं दादा आवाज खाली आणतात, “गेला असेल, तर मग बोलायलाच नको.”

बोलायला नको हे खरं. पण मी बोलणार आहे, कारण माझं सगळं कोडं इथंच आहे. दुसऱ्या कुणी तरी जिवावर उदार होऊन एक क्षण मिळवला. त्या क्षणाचा एक तुकडा आपण पैसे मोजून घरी आणला आणि काचेमागे ठेवला. आता हा तुकडा आपल्या ताळेबंदात कुठल्या बाजूला लिहायचा? मालमत्तेच्या, की देण्याच्या? तुम्ही म्हणाल, बँकेतल्या माणसाला प्रत्येक गोष्टीत ताळेबंदच दिसणार. दिसतो, काय करणार! सोनाराला जगात कान दिसतात आणि चांभाराला पाय.

दादांची काशी म्हणजे आईल ऑफ मॅन. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रातलं हे बेट. दादा तिथे कधी गेलेले नाहीत, पण तिथला रस्ता त्यांना आमच्या गल्लीपेक्षा जास्त पाठ आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात रस्त्यावर ताशी वीस मैलांची मर्यादा होती आणि रस्ते अडवून शर्यत लावायची सोय नव्हती. या बेटाला स्वतःचं कायदेमंडळ होतं. त्यांनी शर्यतीसाठी रस्ते बंद ठेवायला मान्यता दिली आणि इंग्लंडातले हौशी लोक गाड्या बोटीत घालून इकडे आले. १९०७ साली मोटारसायकलींची पहिली टीटी, म्हणजे टूरिस्ट ट्रॉफी, भरली. एक सिलिंडरच्या गाड्यांत चार्ली कॉलियर हा मॅचलेस गाडीवरून पहिला आला. त्याचा सरासरी वेग होता ताशी सुमारे ६१ किलोमीटर. हा आकडा ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्या गावाकडची एसटी उताराला लागली की एवढी सहज जाते.

पण १९११ पासून ही शर्यत डोंगरावरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यानं होऊ लागली. एक फेरी जवळजवळ ६१ किलोमीटरची. हे काही बांधलेलं मैदान नव्हे, रोजच्या वापरातला गावचा रस्ता आहे. एका अंगाला दगडी गडगा, दुसऱ्या अंगाला कुणाच्या तरी घराचं फाटक आणि वळणावर विजेचा खांब. स्वारांना दहा-दहा सेकंदांच्या अंतरानं एकेकट्यानं सोडतात. २०२३ साली पीटर हिकमन यानं या रस्त्यावर एक फेरी ताशी २१९ किलोमीटरच्या सरासरीनं पुरी केली. सरासरीनं, बरं का! सरासरी म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. वळणावर त्याचा वेग जेवढा कमी झाला असेल, तेवढा सरळ रस्त्यावर त्यानं भरून काढला असणार. त्या वेगाचा विचार मी घरी पंख्याखाली बसूनसुद्धा करत नाही.

१९११च्या त्या शर्यतीचं एक पोस्टर दादांच्या भिंतीवर आहे. मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या, तिन्ही क्रमांकांवर ‘इंडियन’ आली. आमच्या मेव्हण्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी वर्गणी मागायला आले असताना ते पोस्टर पाहून गहिवरले. “त्याच साली मोहन बागाननं फुटबॉलमध्ये गोऱ्यांना हरवलं होतं! आणि इकडे हे! शाळेत कुणी आम्हाला शिकवलं नाही हो,” असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. मोहन बागानचं खरं होतं. पण ‘इंडियन’ ही अमेरिकेतली एक मोटारसायकल कंपनी होती, हे त्यांना सांगण्याचा दादांना धीर झाला नाही. त्या महिन्यात सेक्रेटरींनी वर्गणीसाठी तगादा लावला नाही, हेही एक कारण असेल.

त्याच १९११ साली सराव करताना व्हिक्टर सरिज नावाचा स्वार त्याच्या रज गाडीवरून पडून मरण पावला. त्या डोंगरी रस्त्यावरचा तो पहिला मृत्यू. त्यानंतर आजवर तिथे अडीचशेहून अधिक स्वार गेले. विजेत्यांची यादी दादा गायत्री मंत्रासारखी म्हणतात. ही दुसरी यादी त्यांनी एका वहीत उतरवून घेतली आहे. पण ती वही शोकेसमध्ये नाही, कपाटात आहे. एकाच सालाच्या एकाच पानावर डावीकडे एक नाव आणि उजवीकडे तीन क्रमांक, आणि आपण फक्त उजवी बाजू फ्रेम करून लावतो. हिशेबनिसाच्या नजरेला हे खटकतं.

आता या छंदातली आणखी एक गंमत सांगतो. आपल्याकडे नक्कल म्हणजे खोटी वस्तू. टीटीत तसं नाही. तिथल्या मुख्य ढालीवर (ढाल म्हणायची आपली पद्धत, आहे ती चांदीची मूर्तीच) पंख असलेल्या चाकावर रोमन लोकांचा मर्क्युरी उभा आहे. देवांचे निरोप पोचवणारा म्हणजे आपल्या नारदाचा लांबचा आतेभाऊच. ही मूर्ती विजेत्याला मिळते ती वर्षापुरती. पुढच्या वर्षी ती दुसऱ्याकडे जाते. कायमची घरी न्यायला मिळते ती तिची लहान प्रतिकृती, म्हणजे रेप्लिका. विजेत्याच्या वेळेपेक्षा ठरावीक टक्के वेळेच्या आत जे पोचतात, त्यांनाही अशी रेप्लिका देतात. त्या नकलेसाठी माणसं आयुष्य पणाला लावतात आणि मिळाली की रडतात. म्हणजे अस्सल मूर्ती ही उसनी, आणि नक्कल तेवढी आपली. शंकराचार्यांनी मायेवर एवढं लिहिलं, पण त्यांना हे उदाहरण मिळालं नाही.

दुसरी रेप्लिका हेलवूडची. माईक हेलवूड हे दादांचं दैवत. १९६१ साली एकाच आठवड्यात त्यानं टीटीच्या तीन शर्यती मारल्या. तोवर असं कुणी केलं नव्हतं. १९६७ नंतर तो तिथून गेला, मोटारींच्या शर्यतींत रमला आणि पुढे अपघातात पाय मोडून घेऊन बसला. लोकांनी त्याचा विषय संपवला. मग १९७८ साली, अकरा वर्षांनी, अडतिसाव्या वर्षी हा गडी डुकाटी गाडी घेऊन परत बेटावर आला आणि जिंकला. अडतिसाव्या वर्षी आमच्या शाखेत माणूस कंबरेचा पट्टा लावून खुर्चीत उशी घेतो. त्या विजयानंतर डुकाटी कंपनीनं ‘माईक हेलवूड रेप्लिका’ या नावाची लाल-हिरवी गाडी बाजारात आणली. आता त्या रेप्लिकेच्याही नकला निघाल्या आहेत. म्हणजे साधी गाडी रंगवून तीच हेलवूड रेप्लिका म्हणून विकतात. तेव्हा अस्सल नक्कल कुठली आणि नकली नक्कल कुठली, यावर जाणकारांची भांडणं होतात आणि दादा ती रात्रभर वाचत बसतात.

खरी म्हणजे काय, हा प्रश्न तसा जुनाच आहे. शर्यतीच्या गाडीचं एका मोसमात इंजिन बदलतं, टायर तर दर शर्यतीला बदलतात, पडली की पुढचा चिमटा बदलतो, कधी सांगाडाही नवा येतो. मग ‘हीच ती विजयी गाडी’ म्हणून जी विकतात, तिच्यात त्या दिवशीचं उरतं काय? ग्रीकांनी हा प्रश्न थीसियसच्या जहाजावरून विचारला होता. एकेक फळी बदलत गेलं तर जहाज तेच का? आपल्याकडे नागसेन भिक्खूनं मिलिंद राजाला रथावरून विचारला. राजा, तू रथातून आलास म्हणतोस. मग चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडा म्हणजे रथ का? प्रत्येकाला राजा नाही म्हणत गेला. हा मिलिंद म्हणजे मिनँडर, जन्मानं ग्रीक. तेव्हा ग्रीकांचा प्रश्न त्यालाच विचारून नागसेनानं हिशेब चुकता केला म्हणायचा. आमच्या घरी आजोबांची आरामखुर्ची आहे. कापड पाच वेळा बदललं, दांडे दोनदा बदलले, मागचा पाय नवा आहे. तरी तिच्यात बसताना आम्ही पाय वर घेत नाही, कारण ती आजोबांची.

सह्यांचंही तेच. दादांकडे दोन-तीन स्वारांच्या सह्या आहेत आणि प्रत्येक सहीबरोबर ती अस्सल असल्याचं प्रमाणपत्र आहे. त्यांनी त्या मला तपासायला दिल्या. बँकेत सही पटवणं हा माझा रोजचा धंदा; पण तिथे नमुन्याची सही समोर असते. “नमुना कुठे आहे?” मी विचारलं. “हे प्रमाणपत्र आहे की!” दादा म्हणाले. प्रमाणपत्रावरही एक सही होती. मी म्हटलं, “हिचा नमुना?” दादांनी सगळं परत घेतलं आणि “बँकवाल्यांना कलेत काही कळत नाही,” असं आमच्या हिला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं.

एकूण काय, वस्तूतला खरेपणा वस्तूत नसतो, तिच्यामागच्या गोष्टीत असतो, हे मला पटत चाललं होतं. पण गोष्टच खोटी निघाली तर? आणि खोटी निघाल्याचं वाईट वाटलं तर?

दादांच्या शोकेसमध्ये मधोमध एक फुटकं हेल्मेट आहे. ना ते आईल ऑफ मॅनचं, ना हेलवूडचं. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी ते जुन्या कुलपांच्या आणि पितळी नळांच्या ढिगात पडलेलं होतं. डाव्या कानावर तडा, मागच्या बाजूला पिवळ्या रंगात १७ हा आकडा. विकणाऱ्यानं दोनशे रुपये सांगितले. दादा वळून वळून आकडा बघताहेत हे पाहून तो म्हणाला, “मोटोक्रॉसचं आहे साहेब. यातला माणूस जागेवर गेला. अडीचशे द्या.” दादांनी घासाघीस न करता अडीचशे दिले. वरचे पन्नास रुपये कशाचे, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही. विकणाऱ्यानं पावती दिली असती, तर त्यावर त्याला लिहावं लागलं असतं: मृत्यूबद्दल, रुपये पन्नास फक्त.

पुढे कैक वर्षं त्या अनामिक स्वाराचा दादांनी मनोभावे मान ठेवला. हेल्मेटखाली ‘एका अज्ञात वीराचे’ अशी चिठ्ठी लावली. सर्वपित्री अमावास्येला ते त्याच्यापुढे एक फूलही ठेवत. वहिनी कुरकुरत, की स्वतःच्या चुलत्याची तिथी यांना आठवण करून द्यावी लागते. पण त्यांनीसुद्धा फूल काढलं नाही.

एकदा दादांची गाडी सुरू होईना, तेव्हा एका ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना घरी बोलावलं. काम झाल्यावर चहाला ते आत आले. मी तिथेच होतो. बशीत चहा ओतता ओतता त्यांची नजर शोकेसकडे गेली आणि बशी तशीच हातात राहिली.

“हे सतरा नंबर तुमच्याकडे कसं? हा आकडा मी रंगवलाय. सातचं शेपूट वाकडं झालं म्हणून शिव्या खाल्ल्या होत्या.”

दादा उठून उभेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की काय सांगावं! “म्हणजे तुम्ही त्यांना ओळखत होता? कसे गेले हो ते?”

“गेले? कोण गेले?” मिस्त्री म्हणाले. “सांगलीला हळदीची अडत आहे त्यांची. दिवाळीला फोन आला होता.”

गेली बावीस वर्षं मी काउंटरवर बसून माणसांचे चेहरे पाहतो आहे. पगार जमा झाल्याचा चेहरा मला कळतो, न झाल्याचाही कळतो. त्या घटकेला दादांचा चेहरा झाला, तो चेक न वटता परत आलेल्या माणसाचा होता. क्षणभरच. लगेच ते “वा वा, फार छान, फार छान,” असं म्हणाले आणि मिस्त्रींना आणखी चिवडा वाढला.

मिस्त्री गेल्यावर दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बँकवाले, तुम्ही पाहिलंत ना?”

“काय?”

“एक माणूस जिवंत आहे हे ऐकून मला वाईट वाटलं हो.”

मी काही बोललो नाही. विनोद करायची मला वाईट खोड आहे. पण काही रकमा अशा असतात, की त्यांच्यावर शेरा मारता येत नाही, नुसत्या नोंदवाव्या लागतात. दादा वाईट माणूस नाहीत. मुंगी मारताना ते आधी तिला बाजूला व्हायची संधी देतात. तरीही त्यांच्या मनात, त्यांच्या नकळत, एका परक्या माणसाच्या मरणावर पन्नास रुपयांची गुंतवणूक झाली होती आणि ती बुडाल्यावर मन हळहळलं. हे फक्त दादांचंच होतं असंही नाही. ज्या दिवशी आपण ‘त्यातला माणूस गेला असेल तर बोलायलाच नको’ असं म्हणतो, त्या दिवशी आपण सगळेच त्या बाजारात उभे असतो.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे एसटीनं सांगलीला गेलो. हेल्मेट जुन्या चादरीत बांधून दादांनी मांडीवर घेतलं होतं, बारशाला बाळ नेतात तसं. हळदीच्या पेढीवर साठी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. चांगले अंगानं भरलेले, कपाळाला गंध, हाताला पिवळा रंग. चादर सोडल्यावर ते आधी हसले, मग त्यांनी हेल्मेट डोक्यात घालून पाहिलं. ते गालाशीच अडकलं. मागच्या घरातून त्यांच्या सौभाग्यवती आल्या आणि दारातच थांबल्या. “हे मी स्वतःच्या हातानं भंगारवाल्याला दिलं होतं,” त्या म्हणाल्या. “परत कुणी आणलं?” ज्या नजरेनं त्यांनी आमच्याकडे पाहिलं, त्या नजरेनं वसुली अधिकाऱ्याकडेही कुणी पाहत नाही.

चहा झाला. दादांनी भीत भीत विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं? ते सांगू लागले. मातीतली शर्यत होती, ऐन तरुणपण होतं. हे सगळ्यांच्या पुढे होते. उंचवट्यावरून उडी घेतली ती वाकडी पडली आणि गाडी अंगावर आली. तापलेला सायलेन्सर पायावर, वरून पेट्रोल गळतंय. मागून दुसऱ्या नंबरावर एक पोरगा येत होता. आता रस्ता त्याला मोकळा होता. कप त्याचाच होता. त्यानं गाडी बाजूला टाकली, यांच्या अंगावरची गाडी उचलली आणि यांना ओढून बाहेर काढलं.

“शर्यतीत तिसरा होता, तो पहिला आला,” ते म्हणाले. “त्याच्याकडे कप आहे. माझ्याकडे हा भाजलेला पाय आहे. हे फुटकं हेल्मेट तुमच्या कपाटात आहे. पण तो जो थांबला, त्याचं काय ठेवलंय तुम्ही?”

त्यांनी हे भांडून विचारलं नाही. भाव विचारावा तसं सहज विचारलं. दादांना उत्तर सुचलं नाही आणि मलाही नाही.

आम्ही हेल्मेट परत द्यायला गेलो होतो, पण त्यांनी ते घेतलं नाही. “हिनं मला घराबाहेर काढलं तर तुम्ही ठेवून घेणार का? ठेवा तुमच्याकडेच. एवढी वर्षं सांभाळलंत.” सर्वपित्रीच्या फुलाबद्दल दादा काही बोलले नाहीत आणि मी त्यांच्या पायावर पाय देऊन बसलो होतो. निघताना त्यांनी दोन किलो हळद बांधून दिली. पैसे घेतले नाहीत.

परतीच्या एसटीत दादा खिडकीबाहेर पाहत होते. इस्लामपूर मागे पडल्यावर अचानक म्हणाले, “हेलवूडच्या सगळ्या शर्यती मी तुम्हाला सांगितल्या. क्यालामीची सांगितली नाही. तो जिंकला नव्हता ना, म्हणून.” मग त्यांनी सांगितली. १९७३ साली दक्षिण आफ्रिकेत क्यालामी इथे मोटारींच्या शर्यतीत हेलवूडची आणि क्ले रेगाझोनी याची गाडी अपघातात सापडली. रेगाझोनीच्या गाडीला आग लागली आणि तो आत अडकला. हेलवूड आगीत शिरला. त्याचे स्वतःचे कपडे पेटले, ते विझवले आणि पुन्हा आत शिरून त्यानं रेगाझोनीला बाहेर काढलं. त्याबद्दल त्याला जॉर्ज मेडल हे शौर्यपदक मिळालं. “आणि गेला कसा ठाऊक आहे?” दादा म्हणाले. “१९८१ साली. मुलांना घेऊन संध्याकाळचं खायला आणायला मोटारीतून निघाला होता. वाटेत ट्रकशी टक्कर झाली. तो गेला आणि त्याची लहान मुलगी गेली. एवढ्या शर्यतींतून वाचलेला माणूस, साध्या रस्त्यावर.” त्या मोटारीचा एखादा तुकडा कुणी विकत देऊ केला तर घ्याल का, असं मी विचारलं नाही. दादांच्या तोंडाकडे पाहून मला उत्तर कळलं.

आता माझ्या कोड्याकडे येतो. बँकेत लोक पैसे आणून ठेवतात. काउंटरबाहेरच्या माणसाला वाटतं, वा, बँकेकडे किती पैसा आहे! पण बँकेच्या ताळेबंदात या ठेवी डाव्या बाजूला, देण्याच्या बाजूला लिहितात. तिजोरीत आपल्याच असतात, किल्लीही आपल्याच कमरेला असते, तरी त्या दुसऱ्याच्या असतात आणि त्यानं मागितल्या की हिशेबासकट द्याव्या लागतात. पंख असलेल्या चाकावरचा तो मर्क्युरीसुद्धा एकेका विजेत्याकडे वर्षापुरता ठेवीसारखाच असतो. मग आपल्यासारख्या, सिग्नलला दोनदा वळून पाहणाऱ्यांनी मालकी कसली सांगायची? दुसऱ्याच्या धाडसाची वस्तू घरी आणण्यात पाप नाही. ती आणून आपली मिळकत म्हणून मिरवली, की घोटाळा सुरू होतो. डाव्या बाजूला लिहिली तर मात्र ती आपल्याला कामाला लावते. तो कोण होता, कुठे पडला, त्याच्यासाठी कोण थांबलं, हे सगळं शोधायचं, लक्षात ठेवायचं आणि विचारलं की खरं सांगायचं. मरणाच्या पन्नास रुपयांशिवाय.

दादांनी ‘अज्ञात वीर’ ही चिठ्ठी काढली. मिस्त्रींकडून आणि सांगलीहून चौकशी करून आता हेल्मेटखाली दोन नावं लिहिली आहेत. एक पडलेल्याचं आणि एक थांबलेल्याचं. कप कुणाला मिळाला ते लिहिलेलं नाही. त्याच्याकडे कप आहेच. ती मृतांच्या यादीची वहीही कपाटातून शोकेसमध्ये आली आहे. तिला जागा करायला घासलेला ठोकळा खालच्या फळीवर गेला.

वहिनी म्हणतात, इतक्या वर्षांत त्या खोलीतून स्वयंपाकघरात कामाची अशी पहिली वस्तू आली ती म्हणजे हळद. ती संपत आली आहे. दादांनी परवा मला शाखेत फोन केला आणि ऐन गर्दीच्या वेळी गंभीर आवाजात विचारलं, “बँकवाले, सांगलीच्या ठेवीवरचं व्याज आणायला कधी जायचं?”